बेचाळिसावी चिठ्ठी

नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे एकोणीस.

घ्या, दम खा. एवढं नाव उच्चारताना पोरं मधे एकदा तरी श्वास घेतात. हे नाव माझं, आणि बोलतेय तीही मीच. मी एक संख्या आहे. अंकांत ९९९९१९ अशी दिसते. पाच नऊ आणि त्यांच्यात घुसलेला एकटा एक.

संख्या कधीपासून बोलायला लागली, असं म्हणू नका. तुम्ही माणसं सकाळी उठल्यापासून आमच्यावाचून दोन वाक्यं धड बोलत नाही. किती वाजले, पोरगी कितवीत आहे, मंठा अजून किती किलोमीटर. सगळीकडे आम्हीच. आमची विचारपूस मात्र कुणी करत नाही. म्हणून आज मीच तोंड उघडलंय. तक्रार करायची नाही मला. मला आभार मानायचेत, आणि थोडं कबूलही करायचंय.

तशी मी कायमचीच आहे. एकपासून मोजत निघा, न चुकता मोजत राहा, कधीतरी माझ्यापाशी येऊन पोचालच. पण कुणी हाक मारली नाही तर नुसतं असून काय उपयोग? मला पहिली हाक मिळाली ती २०१० साली, दिवाळीच्या चार दिवस आधी, मंठा तालुक्यातल्या एका गावच्या जिल्हा परिषद प्रशालेत, आठवीच्या वर्गात.

त्या वर्गाला गणित शिकवायला तातेराव सर होते. उंच, किरकोळ अंगाचे, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी दोन खडू. त्या खडूंमुळे खिशाला कायम पांढरा डाग. वर्गात कॅल्क्युलेटर दिसला की ते काही न बोलता उचलून कपाटात ठेवायचे आणि वार्षिक परीक्षा झाल्यावर परत द्यायचे. त्या दिवशी ते मूळ संख्या शिकवत होते. एक आणि ती स्वतः सोडून जिला दुसरं कुणीच पुरतं भागू शकत नाही, ती मूळ संख्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा अशी त्यांची ओळ कुठंच संपत नाही, असं सरांनी सांगितलं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरचा कल्याण उठला. हजेरीत पहिला आणि बोलण्यातही पहिला.

“सर, शाळेला नाव असतंय, गाणं असतंय. मंग आपल्या शाळेची एक मूळ संख्या का न्हाई? लई मोठी. दुसऱ्या कुणाकडं नसंल अशी.”

दुसरं कुणी असतं तर ‘बस खाली’ म्हणालं असतं. तातेराव सर फळ्याकडे वळले.

“दहा लाखाच्या आतली धरू,” ते म्हणाले. “अशा संख्येचे दोन अवयव पडत असतील तर दोन्ही हजाराच्या वरचे असतील का? न्हाई. मंग गुणाकार दहा लाखाच्या पुढं जाईल. म्हणजे एक तरी हजाराच्या आतलाच. अन् हजाराच्या आत मूळ संख्या किती? एकशे अडुसष्ट. तेवढ्यांनी भागून बघायचं. एकीनंबी भाग गेला न्हाई, तर आपली संख्या मूळ. वर्गात पोरं किती?”

“बेचाळीस!”

“बेचाळीस चोक?”

“एकशे अडुसष्ट!”

“बराबर. एकेकाला चार.”

गणित असं जमून आलं की सरांना लहान मुलासारखा आनंद व्हायचा. त्या भरात त्यांच्या हातातला खडू मोडला.

आता संख्या ठरवायची होती. कल्याणनं ओरडून सहाच्या सहा नऊ सांगितले. “ती तर नऊनंच जाती, बाबा,” सर म्हणाले. तेव्हा मुलींच्या रांगेतल्या शेवटच्या बाकावरून आवाज आला, “सर, दशकाच्या घरातला नऊ पुसा अन् तिथं एक ल्ह्या.”

सरांनी नऊ पुसला आणि एक लिहिला. झाला माझा जन्म. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत, नुसती खडूची भुकटी उडाली.

तो आवाज पायलचा होता. तिचे आईवडील दर वर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे ते गुढीपाडव्याच्या आसपास परतायचे. शाळा बदलत बदलत ती या शाळेत उशिरा दाखल झाली, म्हणून हजेरीत तिचं नाव सगळ्यात खाली, बेचाळिसावं. अर्धं वर्ष तिची जागा रिकामीच असायची. सवयीनं ते कुणाच्या डोळ्यांवर येत नसे.

सरांनी रेघी कागद फाडून बेचाळीस चिठ्ठ्या केल्या आणि हजेरीच्या क्रमानं वाटल्या. दिवाळीचा अभ्यास. कल्याणच्या चिठ्ठीवर २, ३, ५, ७. त्यानं तिथल्या तिथं उभ्या उभ्या माझा निकाल लावला आणि खेळायला पळाला. पायलच्या चिठ्ठीवर सगळ्यात अवघड चार होत्या: ९७७, ९८३, ९९१, ९९७. तिनं कुरकुर केली नाही. चिठ्ठीची चौघडी घडी घातली आणि कंपासपेटीत ठेवली.

त्या दिवाळीत माझ्यावर काय काय बेतलं म्हणून सांगू! कुणी कापूस वेचून आल्यावर ओट्यावर बसून मला भागलं, कुणी फराळाचे हात तसेच ठेवून, कुणी भावाकडून करून घेतलं. भागवत नावाच्या पोरानं तर ६१३नं मला पुरतं कापून काढलं आणि बाकी शून्य दाखवली. माझा जीव टांगणीला लागला. सरांनी तपासलं तेव्हा हातचा चुकला होता. बाकी एकशे सोळा निघाली. भागवत हिरमुसला. मी मात्र खुश.

कारण खरं सांगते, मला मूळ व्हायचं होतं. कुणाकडूनही न तुटणारी! त्या शब्दाचा रुबाबच वेगळा. एकेक चिठ्ठी परत यायची, सर फळ्यावर एकेक संख्या खोडायचे आणि मी मनातल्या मनात ताठ व्हायची. एकेचाळीस चिठ्ठ्या आल्या. एकशे चौसष्ट भागाकार झाले. एकातही बाकी शून्य नव्हती.

पायलची चिठ्ठी आली नव्हती. ती दिवाळीच्या तिसऱ्या दिवशीच आईवडिलांबरोबर गेली होती.

“पायलचे चार राह्यले,” सर वर्गाला म्हणाले. “ते मीच करतो आज घरी.”

आणि त्याच दुपारी शाळा बघायला वरचे एक साहेब आले. फळाभर खोडलेल्या संख्या बघून त्यांनी विचारलं, हे काय आहे? सर तोंड उघडायच्या आत कल्याण ओरडला, “आमच्या शाळेची मूळ संख्या, साहेब! आम्ही बेचाळीस जणांनी हुडकली!” साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी बाकं वाजवली. साहेब म्हणाले, हे भिंतीवर आलं पाहिजे, सगळ्यांना दिसलं पाहिजे. सरांनी दोनदा घसा साफ केला. पण एवढ्या आवाजात ‘अजून चार बाकी आहेत’ हे सांगणं त्यांना जमलं नाही.

एकशे चौसष्टांनी गेली नाही, आता शेवटच्या चारांनी काय जाणार, असं त्यांनी धरून घेतलं. आठ दिवसांत पेंटर आला. मैदानाकडच्या भिंतीवर निळ्या रंगात, वीतभर उंचीची, मी उभी राहिले. ‘आमच्या शाळेची मूळ संख्या ९९९९१९. शोधक: इयत्ता आठवी, ४२ विद्यार्थी.’

इथं मला आमची एक सोय सांगितली पाहिजे. आम्ही संख्या एकाच वेळी कुठंही असू शकतो. भिंतीवर माझा रंग वाळत होता त्याच दिवसांत मी शेकडो मैल लांब, पायलच्या चिठ्ठीवरही होते. एका साखर कारखान्याच्या गेटसमोर बैलगाड्यांची लांब रांग लागली होती. ऊस खाली करायला नंबर यायचा होता. दुपारची वेळ. वडील पुढं रांगेत गेले होते आणि पायल तिच्या आईबरोबर, सोनूबाईबरोबर, गाडीच्या सावलीत बसली होती. तिनं तळहातानं माती सपाट केली, एक काडी घेतली आणि चिठ्ठी मांडीवर ठेवली.

९७७नं भागलं. बाकी ४४८. ९८३नं भागलं. बाकी २०८. दोन्ही बाक्या तिनं चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेनानं लिहिल्या.

मग तिनं ९९१ घेतली. नऊशे नव्याण्णवातून नऊशे एक्क्याण्णव एकदा गेले, उरले आठ. पुढचा नऊ खाली घेतला, झाले एकोणनव्वद. भाग जात नाही, वर शून्य. पुढचा एक घेतला, आठशे एक्क्याण्णव. तरी जात नाही, पुन्हा शून्य. शेवटचा नऊ घेतला. आठ हजार नऊशे एकोणीस. पायलनं बाजूला ९९१ला नवानं गुणलं. आठ हजार नऊशे एकोणीस.

बाकी शून्य. भागाकार एक हजार नऊ.

तिनं माती पुसली आणि पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. ९९१ × १००९, उलट गुणून पाहिलं. मीच आले.

सोनूबाई शेजारून बघत होती. “काय करून राह्यली गं, केव्हाची माती उकरून?”

“भागाकार, आई. शाळेचा.”

“निघाला का?”

“निघाला. बाकी शून्य आली.”

“मंग चांगलंच झालं की! काई उरलं न्हाई. हसायचं सोडून तोंड का पाडून बसली?”

पायलनं पुन्हा काडी उचलली. तिच्या वाट्याची चौथी, ९९७, तरी तिनं करून टाकली. बाकी ९२५. वाटा तो वाटा.

आणि माझं काय झालं? मला वाटलं होतं, कुणी पुरता भाग घातला तर चिरल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. आयुष्यभर रिकाम्या घरात एकटी राहतेय असं समजणाऱ्या बाईला आतल्या खोलीतून दोन माणसांच्या बोलण्याचा आवाज यावा, तसं झालं. हजाराच्या नऊ पावलं अलीकडे एक, नऊ पावलं पलीकडे एक. दोघंही स्वतः मूळ, दोघंही न तुटणारे. ते माझे होते आणि मला ठाऊकच नव्हतं.

पण कबूल करायचं म्हटलंय तर सगळंच करते. दुसऱ्याच क्षणी मला भिंत आठवली. निळा रंग आठवला. आणि मनात आलं, हिनं हे कुणाला सांगू नये.

पाडव्यानंतर पायल परतली. शाळेच्या फाटकातून आत आली ती चिठ्ठी मुठीत घेऊनच. तातेराव सर मैदानात उभे होते. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला.

“आली का, पायल? हे बघ, तुझी संख्या भिंतीवर गेली! बेचाळीस विद्यार्थी ल्ह्यलंय, बघ. त्यात तूबी आहेस.”

ती भिंतीकडे बघत राहिली. मग सरांकडे. सरांच्या डोळ्यांत एवढा आनंद होता की तिची मूठ उघडलीच नाही. “लई भारी दिसती, सर,” एवढं बोलून ती वर्गात गेली आणि शेवटच्या बाकावर बसली. मी वरून सगळं बघत होते. मी सुटकेचा नि:श्वास टाकला. लाज वाटते आता, पण टाकला.

त्यानंतरची पंधरा वर्षं मी मजेत काढली. नव्या आठवीला दर वर्षी सर माझ्यासमोर आणून उभे करायचे. खेळाच्या स्पर्धेला पोरांच्या बनियनवर मी असायची. कल्याणनं मंठ्यात रंगाचं दुकान टाकलं आणि मोटारसायकलला खटपट करून ९९१९ नंबर घेतला. गावातल्या दोन-तीन फोनची कुलुपं माझ्यावर उघडतात, ती कुणाची ते मी सांगणार नाही. फोन प्रत्येकाच्या हातात होता, मला तपासायला दोन सेकंद पुरले असते. पण शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं कुणी तपासत नाही. तुमची ही सवय आम्हा संख्यांना फार वर्षांपासून ठाऊक आहे.

एकच माणूस अस्वस्थ असायचा. दर वर्षी दिवाळीची सुट्टी लागली की तातेराव सर एका कोऱ्या कागदावर मला लिहायचे, शेजारी ९७७ लिहायचे, भागाकाराची खूण काढायचे. तेवढ्यावर पेन थांबायचं. मग कागदाची घडी करून खिशात, खडूंच्या मागे. आकडेमोडीचा कंटाळा त्यांना कधीच नव्हता. त्यांना भीती वाटायची.

आणि पायल? ती वसतिगृहात राहून दहावी झाली, बारावी झाली. आज ती एस.टी.त वाहक आहे. खाकी गणवेश, खांद्याला चामडी पिशवी. पिशवीच्या आतल्या कप्प्यात ती चिठ्ठी, घड्यांवर फाटून चार तुकडे झालेली. सुट्ट्या पैशांत ती कधी चुकत नाही, हे तिच्या गाडीनं जाणारे तुम्हाला सांगतील.

या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस तातेराव सर निवृत्त होणार होते. जुन्या आठवीचा फोनवर गट आहे, त्याचं नावही मीच. त्यावर एक दिवस कल्याणनं फोटो टाकला. काळ्या ग्रॅनाइटचा चकचकीत दगड. वर सोनेरी अक्षरांत कोरलेलं: ‘आमच्या शाळेची मूळ संख्या ९९९९१९. शोधक: इयत्ता आठवी, बेचाळीस विद्यार्थी. मार्गदर्शक: तातेराव सर.’ खाली टाळ्या वाजवणारे हात, वीस-पंचवीस. कल्याणनं लिहिलं होतं, ‘आता रंग उडायचा प्रश्नच न्हाई. शंभर वर्षं हलत न्हाई.’

पायलनं तो फोटो दोन थांब्यांच्या मधे बघितला. पुढच्या थांब्यावर घंटी मारायची राहून गेली आणि चालकानं मागं वळून विचारलं, “ताई, झोपल्या का?”

रंग होता तोवर ती गप्प राहिली होती. रंग पावसानं फिका होतो, पेंटर येऊन जातो. पण हा दगड सरांच्या नावासकट राहणार होता. उद्या कुणीतरी पोर फोन काढून बघणार आणि सरांच्या माघारी सरांना हसणार. तिला ते सहन होईना. आणि आणखी एक होतं, जे तिनं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. त्या बेचाळिसात आपण मोजले गेलो ते न विचारता, आपलं काम न बघता, हे तिला पंधरा वर्षं सलत होतं.

आपल्या सुट्टीच्या दिवशी ती गावी उतरली. शाळेत मधली सुट्टी चालली होती. कल्याण टेप घेऊन भिंतीची मापं घेत होता, दगड पोत्यात गुंडाळून व्हरांड्यात टेकवलेला. सर वर्गात एकटेच बसले होते.

“अरे, पायल!” सर उठले. “जेवली का? बस.”

ती बसली नाही. तिनं चामडी पिशवीतून चिठ्ठीचे चार तुकडे काढले आणि टेबलावर जुळवून ठेवले. “सर, माझा दिवाळीचा अभ्यास राह्यला होता दाखवायचा.”

सरांनी चष्मा लावला. चार संख्या. चार बाक्या, शाईनं लिहिलेल्या. ४४८. २०८. ०. ९२५. त्यांची नजर तिसऱ्या बाकीवर थांबली. ते उठले, खिशातून खडू काढला आणि फळ्यावर मला लिहिलं. शेजारी ९९१. एकदा. आठ उरले. शून्य. शून्य. नऊ.

खालच्या ओळीत त्यांनी शून्य लिहिलं. दारात कल्याण येऊन उभा होता.

सरांनी ९९१ आणि १००९च्या खाली रेघ ओढली. मग हळूच म्हणाले, “नऊशे एक्क्याण्णव म्हणजे हजारातून नऊ वजा. एक हजार नऊ म्हणजे हजारात नऊ मिळवले.” त्यांनी खडू झरझर चालवला. हजाराचा वर्ग दहा लाख. नवाचा वर्ग एक्क्याऐंशी. दहा लाखांतून एक्क्याऐंशी गेले की उरते ती मी. “दोन वर्गांचा फरक! अरे, हे सूत्र मी दर वर्षी याच फळ्यावर शिकवून राह्यलो. याच फळ्यावर! अन् बाहेर भिंतीवर ते उभं हाये, हे मला दिसलं न्हाई!”

आणि ते हसायला लागले. हसता हसता पहिल्या बाकावर बसले, लहान बाकावर गुडघे वर आलेले, चष्मा काढून डोळे पुसत.

“कधी काढलंस हे?”

“आठवीतच, सर. कारखान्याच्या गेटवर. मातीत.”

“मंग बोलली का न्हाईस?”

“तुमी लई खुश होता. अन् मला वाटलं, एवढी सगळी पोरं बराबर, मी एकटीच चुकले असंन. मंग वाटलं, न्हाई चुकले, पण सांगून काय?” पायलनं चिठ्ठीवर बोट ठेवलं. “सर, एक डाव तरी कुणी इचारायचं होतं. पायल, तुझे चार झाले का, एवढंच.”

सरांनी मान खाली घातली. “विचारायला पाहिजे होतं. चुकलो मी, पोरी. मी ते धरून घेतले. अन् नंतर करून बघायची हिंमत झाली न्हाई.”

कल्याण कासावीस झाला होता. “पण सर, दगड कोरून तयार हाये! परवा कार्यक्रम. फळा पुसून टाकू अन् लावून टाकू तसाच. कुणाला काय कळणार हाये?”

“हिला कळतं,” सर म्हणाले. “मला कळतं. आता तुलाबी कळतं. अजून किती जणांना कळायला पाहिजे?”

कल्याणनं हातातली टेप गुंडाळली. मी भिंतीवर श्वास रोखून होते. पंधरा वर्षांचा मान जाणार हे मला दिसत होतं. आणि गंमत बघा, मला त्याचं काहीच वाटेना. उलट वाटलं, लावा एकदाचा माझा निकाल.

“मागची बाजू कशी हाये दगडाची?” सरांनी विचारलं.

“खडबडीत हाये.”

“घासता येईल?”

कल्याणनं डोकं खाजवलं, पोत्याकडे बघितलं, मग पायलकडे. “येईल. मीच जातो घेऊन जालन्याला. पायल, तुझं आडनाव आता काय लावायचं, सासरचं का?”

“नुसतं पायल ल्ह्या,” ती म्हणाली. “हजेरी क्रमांक बेचाळीस.”

तर आज मी तुमच्याशी बोलतेय ती त्या दगडाच्या दुसऱ्या बाजूवरून. माझ्याखाली ‘मूळ’ हा शब्द नाही. ९९९९१९ = ९९१ × १००९, आणि त्याखाली पायलचं नाव, हजेरी क्रमांक, वर्ग. त्याखाली बाकीच्या एकेचाळीस जणांचीही नावं आहेत, कारण एकशे चौसष्ट भागाकार त्यांचेही खरे होते. माझी जुनी सोनेरी बाजू भिंतीकडे तोंड करून सिमेंटमध्ये आहे. तिथं ती बरी आहे.

मी आता संयुक्त संख्या आहे. शब्द साधा आहे, मान्य. पण मला आधी दोनच विभाजक ठाऊक होते, एक आणि मी स्वतः. म्हणजे मी आणि माझी सावली. आता चार आहेत. नव्या आठवीची पोरं येतात तेव्हा माझ्या घरच्यांचीही चौकशी करतात. माझ्या ९९१ला ती फार मानतात, कारण तिचे अंक कसेही उलटेपालटे करा, १९९ करा, ९१९ करा, ती मूळच राहते. आणि १००९ ही चार अंकांच्या सगळ्या मूळ संख्यांत धाकटी, म्हणून तिचे लाड. गुणून पाहायला दोन ओळी पुरतात आणि फोडायला पंधरा वर्षं लागतात, हे ऐकून पोरं हसतात. माझ्या शेकडो अंकी थोरल्या बहिणी अशाच आहेत. त्या फुटत नाहीत म्हणून तर तुमच्या फोनवरची गुपितं सुरक्षित राहतात.

आभार कुणाकुणाचे मानू? मला फळ्यावर जन्म देणारीचे, आणि मातीत मला माझी माणसं दाखवणारीचे. ती एकच आहे. निवृत्तीच्या दोन दिवस आधी आपली चूक फळ्यावर मांडून हसणाऱ्या सरांचे. भागवतच्या चुकलेल्या हातच्याचे, कारण सरांनी त्या पोराचं तपासलं तसं सगळ्यांचं तपासायला हवं, हे तिथंच दिसलं होतं. आणि सोनूबाईचे. बाकी शून्य म्हणजे चांगलंच झालं, हे तिला सगळ्यात आधी कळलं होतं.

मागणं एकच आहे. तुमच्या वर्गात एखादी जागा रिकामी असेल तर तिचा वाटा धरून घेऊ नका. विचारा. त्या वाट्यात काय असेल ते सांगता येत नाही. माझ्या बाबतीत तर सगळंच त्यात होतं.

निरोपाच्या दिवशी मैदानात मांडव होता. सोनूबाई पहिल्या रांगेत बसली होती. हार झाले, भाषणं झाली. सर बोलायला उठले तेव्हा त्यांच्या हातात भाषणाचा कागद नव्हता. एक जुनी, कडा झिजलेली हजेरी होती. ते म्हणाले, दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवसाची हजेरी आज पुन्हा घेतो. त्या पानावर एका नावापुढं लाल शाईनं गैरहजर लिहिलेलं होतं. सरकारी कागद, ते खोडता येत नाही. पण पुकारता येतं.

“एक.”

“हजर, सर!” कल्याण ओरडला, आता पोट सुटलेला, दोन मुलांचा बाप.

सर एकेक क्रमांक पुकारत गेले. कुणी मांडवातून उत्तर दिलं, कुणी फोनवरून. शेवटी सरांनी चष्मा काढला, वर बघितलं आणि थांबले.

“बेचाळीस?”

मागच्या रांगेत खाकी गणवेशातली पायल उठून उभी राहिली. तिला दुपारच्या गाडीवर जायचं होतं.

“हजर, सर.”

सरांनी हजेरी मिटली. मी भिंतीवरून मोजत होते, एकेकाचे चार. एकशे अडुसष्टपैकी एकशे अडुसष्ट.